बादलीचा सायक्लोन, बेदाण्याच्या शेडसारखा रॅक आणि खिळ्यांच्या पाट्या – आठ महिने वापरून झाल्यावर

नोव्हेंबरात सुतारकामासाठी या तीन गोष्टी करून वापरायला घेतल्या, आता जुलै संपत आलाय. रोज नाही पण आठवड्यातनं तीन-चार दिवस तरी काम होतंच, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही कुठलं टिकलं आणि कुठलं नाही. आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावरची दहा बाय चौदाची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. करवत, सँडर, पॉलिश, रंग सगळं त्याच खोलीत. खरी अडचण तीच, की सकाळी घासलेला भुसा संध्याकाळी ओल्या रंगावर येऊन बसतो.

पहिलं म्हणजे सायक्लोन. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, झाकणाला दोन भोकं, एकात पीव्हीसीचा एल्बो (पाईपचा वळणाचा तुकडा) आतल्या भिंतीला चिकटून आडवा वळवलेला आणि मधल्या भोकातनं सरळ पाईप व्हॅक्यूम क्लीनरकडे. हवा आत गोल फिरते, जड भुसा कडेला जाऊन खाली पडतो आणि व्हॅक्यूमच्या फिल्टरकडे फक्त बारीक धूळ जाते. आधी दर अर्ध्या तासाला फिल्टर झटकायला लागायचा, आता आठवड्यातनं एकदा. पण दुसऱ्याच महिन्यात पाईपमध्ये रंध्याची साल अडकली आणि बादली खाडकन आत चेपली, ओढच तेवढी असते. मग एका बादलीत दुसरी बादली घातली आणि आतनं प्लायची एक रिंग स्क्रूनं बसवली, तेव्हापासून एकदाही चेपली नाही. थंडीत पाईपला हात लागला की चटका बसायचा, स्टॅटिकचा. पाईपभर तांब्याची उघडी तार गुंडाळून अर्थिंगला जोडली आणि तो त्रास गेला. एक मात्र नीट ध्यानात ठेवा, अगदी बारीक धूळ सायक्लोन अडवत नाही, सागवान घासताना मास्क लावायचाच. मी पहिले दोन महिने लावला नाही आणि रात्रभर खोकत बसायचो.

आता रॅक. हा माझा सगळ्यात आवडता आणि कल्पना माझी नाहीच. मामाची तासगावकडं द्राक्षबाग आहे, तिथं बेदाण्याच्या शेडमध्ये एकावर एक जाळीचे थर असतात, वर सावली, चारी बाजूंनी वारं, आणि माल खालनं-वरनं सारखाच वाळतो. तिथं उभं असताना डोक्यात आलं की आपल्या शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, तरी दुसरं काय पाहिजे! घरी येऊन दीड इंची पट्ट्यांचा सांगाडा केला, एक-एक फुटावर सात थर, थरांना तारेची जाळी. पहिल्यांदा बाजूला हिरवी शेडनेट लावलेली, ती पालापाचोळा अडवते, धूळ अजिबात नाही. आता जुन्या सुती धोतराचा पडदा आहे, काम सुरू करायच्या आधी त्यावर पाणी मारतो, धूळ तिथंच बसते. ऑइल पेंटच्या हातावर आधी बोटाला कण लागायचे, आता ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरनं हलकं फिरवलं की पुढचा हात द्यायला तयार.

खिळ्यांच्या पाट्या अगदी सोप्या, प्लायच्या तुकड्यातनं खालनं तीन स्क्रू वर काढायचे आणि टोकांवर शटर ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू एकाच दिवशी होतात. मागची बाजू आधी, दर्शनी बाजू नंतर, तिला टोक लागलंच नाही पाहिजे. मोठ्या जड फळीला मात्र चार पाट्या लावल्या तरी टोकं रुततात, तिथं हा प्रकार नको.

पावसाळ्यानं मात्र दमवलं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे थिनरमधलं पॉलिश, मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट साय आल्यासारखं दिसतं. जून-जुलैत तीन वेळा झालं. मिरजेत सतार-तंबोरे करणारे एक काका आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला ती मंडळी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "चपड्याचं (लाखेचं) पॉलिश असो नाहीतर तुझा लॅकर, ऊन पडून भिंत कोरडी लागल्याशिवाय बोळा उचलायचा नाही, आणि पांढरं आलं तर वर दुसरा हात चढवायचा नाही, थांबायचं." तसंच केलं, कोरड्या दिवशी थिनरचा अगदी पातळ हात दिला आणि पांढरेपणा गेला. आणि हो, साधा टेबलफॅन लावून थिनरचा वास बाहेर काढायला जाऊ नका, मोटरच्या ठिणगीनं पेट घेऊ शकतो. मी दारं-खिडक्या उघड्या ठेवतो आणि लॅकर शक्यतो अंगणातच मारतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या पण गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटतात, मी पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतो.

फसलेली एक गोष्ट म्हणजे भुसा आणि पांढरा ग्लू कालवून केलेली लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायचा लगदा. सुकल्यावर तिथं पॉलिश चढतच नाही, ठिपका वेगळाच दिसतो. आता भुसा लॅकरमध्ये कालवतो, रंग बराच जुळतो.

भिंतीवर ४५ अंशात कापलेल्या प्लायच्या पट्ट्या आहेत, कपाटं-डबे सगळे त्यावर नुसते अडकवलेले, एकही स्क्रूनं पक्का नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा ड्रिल आणि जिगसॉ दोन्ही चिखलात गेले, बाबांचा रंधासुद्धा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे, पाणी त्याच्या जवळ जायला लागलं की आम्ही वाट बघत नाही. या महिन्यात एकदा रात्री मी आणि धाकट्यानं सगळं उचलून माडीवर नेलं, दीड तास लागला, सायक्लोनची बादली पण डोक्यावर घेऊन.

सध्या आईचा सागवानी देव्हारा चालू आहे, मागची फळी खिळ्यांवर ठेवलीय, दोन हात झालेत. गणपतीच्या आधी व्हायला पाहिजे, ऊन पडलं की तिसरा.