तुमची फाईल पास झाली, ताई

मी ३० वर्षांची आहे. नऱ्ह्यातल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर, नाहीतर गो-नोगो गेज. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवता येईना, तेव्हा वाटलं थंडीने बोटं आखडली असतील. पुढे महिनाभर रोज तेच. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. रुमॅटॉइड आर्थरायटिस. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि ती वय बघत नाही.

माणसं मात्र वय बघतात. "एवढ्या लहान वयात संधिवात?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल! कंपनीत, बसमध्ये, नात्यातल्या लग्नात. दिसायला हात धडधाकट, त्यामुळे कामचुकारपणाचा संशयही येतो. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून आईने बजावलं होतं, "बाहेर कुठे बोलू नकोस." मी बोलले नाही. सुपरवायझरांनाही फक्त 'हात दुखतो' एवढंच माहीत. हे एवढ्यासाठी सांगते की मला पुढे फसवणाऱ्या माणसाला माझ्यापर्यंत यायला वाट इथूनच मिळाली.

आधी माझे उपचार ईएसआयमधून, म्हणजे कामगार विमा योजनेतून व्हायचे. बिबवेवाडीच्या रुग्णालयातून गोळ्या मिळायच्या, तपासण्या व्हायच्या. एप्रिलमध्ये पगार २२,५०० झाला. ईएसआयची मर्यादा २१,०००. डिसेंबरअखेर ती सोय संपली. पगारवाढीचे पेढे आम्ही वाटले होते, आणि त्याच वाढीने औषधपाणी गेलं. मेथोट्रेक्सेट काही महाग गोळी नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पण तिच्यामागे यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या लागतात, दर दोन-तीन महिन्यांनी. शिवाय डॉक्टर म्हणाले होते की या गोळीने भागलं नाही तर बायोलॉजिकची इंजेक्शनं लागतील. त्यांचा खर्च ऐकून मी रात्रभर जागी होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेत उभी होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण काही केल्या फिरेना. शेजारच्या माणसाने बाटली घेतली, उघडून दिली आणि म्हणाला, "सकाळी जास्त आखडतात ना? दहा-अकरा वाजेपर्यंत हात आपले नसतातच." मी त्याच्याकडे बघतच राहिले. वय न विचारणारा तो पहिला माणूस होता. आजही मला त्याचा सगळ्यात मोठा राग येतो तो या वाक्यासाठी, पैशांसाठी नाही.

गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'रुग्णमित्र' असं छापलेलं. रुग्णांसाठी जीव तोडून धावणारे खरे रुग्णमित्र पुण्यात आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, तेही एक पैसा घेत नाहीत. याने त्यांचं नाव गळ्यात अडकवलं होतं. म्हणाला, मुंबईच्या एका ट्रस्टची योजना आहे. पस्तिशीच्या आतल्या संधिवाताच्या रुग्णांना १,२०,००० रुपये थेट खात्यात मिळतात. "फाईल चार्ज फक्त दीड हजार, ताई. आणि घरी आत्ताच काही सांगू नका, पास झाल्यावर सांगा. लोक नाट लावतात."

मला ते पटलं. सांगायचं नाही, ही तर माझी सवयच झाली होती.

१,५०० दिले. आधार, पॅन, रिपोर्ट, रद्द केलेला चेक, सगळ्याच्या प्रती दिल्या. दहा दिवसांनी 'डॉक्टरांच्या समितीचे' ४,२०० मागितले. मग त्याने विचारलं, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे का? चाळीस टक्क्यांचं मिळालं तर ईएसआयसुद्धा परत सुरू होईल. यातला अर्धा भाग खरा होता. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ईएसआयची पगारमर्यादा २५,००० आहे, आणि चाळीस टक्के ही कायद्याने ठरवलेली किमान पातळी. तो खऱ्यात खोटं इतकं बारीक मिसळायचा की मी घरी येऊन त्यातला खरा भाग मोबाईलवर तपासायचे, तो जुळायचा, आणि उरलेल्यावर आपोआप विश्वास बसायचा. "तपासणीला यायचीही गरज नाही, आपला माणूस आहे," असं म्हणून त्याने ६,००० घेतले. तपासणी न होता मिळणारं प्रमाणपत्र खोटंच असणार, हे मला कळत होतं. तरी मी पैसे दिले. हे लिहिताना लाज वाटते, पण हा भाग गाळला तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मग मंजुरीपत्र आलं, मोबाईलवर, पीडीएफमध्ये. वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मधे माझं पूर्ण नाव. सोबत मेसेज: "तुमची फाईल पास झाली, ताई." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शेवटचा एक टप्पा होता म्हणे, टीडीएसचे ७,८०० आधी भरायचे, रकमेसोबत परत मिळणार. तेही यूपीआयने पाठवले. एकूण १९,५०० झाले.

हे पैसे आले कुठून? फेब्रुवारीत करायच्या तपासण्या मी केल्या नाहीत, डॉक्टरांकडेही गेले नाही. तपासणीशिवाय गोळी चालू ठेवू नका, असं त्यांनी बजावलेलं. म्हणून गोळीही मीच बंद केली. मार्चच्या मध्यावर आजार उसळला. दोन्ही मनगटं सुजली, स्कूटीचा ब्रेक दाबता येईना, केस आई विंचरून द्यायची. एकोणीस हजार पुन्हा मिळवता येतील. त्या दोन महिन्यांत सांध्यांचं जे नुकसान झालं असेल ते मात्र भरून येत नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

त्याच भेटीत रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेविकेला मी मंजुरीपत्र दाखवलं. तिने ते मोठं करून पाहिलं आणि तारखेवर बोट ठेवलं. २६ जानेवारी. "प्रजासत्ताक दिनाला कोणतं ऑफिस पत्र काढतं?" मग म्हणाली, "उपचारांची मदत अशी रुग्णाच्या हातात येत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे पैसेसुद्धा रुग्णालयाच्या खात्यावर जातात. त्या अर्जालाही काही फी नाही. आणि हा ट्रस्ट म्हणतेस, तर राजमुद्रा कशाला?" ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागायला हवा होता, तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडताळता येतो. मी तो एकदाही मागितला नाही. त्याच्या कुठल्याच पावतीवर असा क्रमांक नव्हता.

त्या माणसाचा फोन बंद होता. मी १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली. पैसे गेल्यावर लगेच, शक्यतो पहिल्या तासा-दोन तासांत तिथे फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. मी सहा आठवड्यांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पुढे काही हललेलं नाही. माझी कागदपत्रं अजून त्याच्याकडे आहेत, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि क्रेडिट रिपोर्ट काढून पाहिला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. माझ्या नावावर कुणी कर्ज काढलेलं नाही, निदान अजून तरी.

ते खोटं प्रमाणपत्र माझ्या हाती आलंच नाही, हे माझं नशीब. ते वापरून लाभ घेतला असता तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ९१व्या कलमाखाली गुन्हेगार मीच ठरले असते. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नंतर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज मी स्वतः ऑनलाईन भरला, एक रुपयाही लागला नाही. डॉक्टरांनी प्रत्येक सांधा किती वाकतो, पकड किती आहे हे मोजलं. माझी टक्केवारी चाळीसच्या खालीच आली. ईएसआय परत मिळाली नाही.

जी मदत मिळाली ती सगळी मधे कुणी नसताना मिळाली. गोळ्या मी आता जनऔषधी केंद्रातून घेते. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढली, अर्ज मोबाईलवरूनच झाला. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. दाखल व्हायची वेळ आलीच तर उत्पन्नाचा दाखला कोणत्या टेबलावर द्यायचा, ते समाजसेविकेने समजावून सांगितलं.

सगळ्यात मोठी मदत मला फुकट मिळाली. आजाराचं नाव मी सुपरवायझरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस गं?" दुसऱ्या आठवड्यापासून मला सेकंड शिफ्ट मिळाली. दुपारी तीनला माझी बोटं माझं ऐकतात.

आईला हे सांगणं जास्त अवघड गेलं. तिने पैशांवरून एक शब्द काढला नाही. पुढचं स्थळ आलं तेव्हा तिनेच आधी फोनवर आजार सांगितला. ती मंडळी आली नाहीत.

त्या मंजुरीपत्राची प्रत, माझं नाव झाकून, समाजसेविकेने आपल्या खिडकीच्या काचेवर आतून चिकटवली आहे. २६ जानेवारीभोवती लाल पेनाने गोल केला आहे. परवा रक्त द्यायला गेले तेव्हा एक मुलगा, पंचविशीचा असेल, तिथे थांबून त्याचा फोटो काढत होता. मी त्याला विचारलं, तुम्हालाही आलंय का असं पत्र? तो म्हणाला, "पत्र नाही आलं अजून. दीड हजार दिलेत."