नॉर्थ बेरिक की गलेन? ईस्ट लोदियनमध्ये एकच राऊंड मिळणार असेल तर

स्कॉटलंडमधल्या एडिंबराहून पूर्वेकडे किनाऱ्याने निघालं की मसलबरापासून डनबारपर्यंत गोल्फच्या लिंक्स कोर्सची, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या मैदानांची, रांगच लागते. नावं खूप आहेत, पण बहुतेकांचं घोडं शेवटी दोन नावांवर अडतं: नॉर्थ बेरिकचं वेस्ट लिंक्स आणि गलेनचं नंबर १. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम आठ किलोमीटर. हाताशी दोन दिवस असतील तर दोन्ही खेळा, प्रश्नच मिटला. कामासाठी किंवा मुलांना भेटायला आलेल्या माणसाला मात्र बहुधा एकच सकाळ मिळते. हा आढावा त्याच्यासाठी आहे.

याच भागातल्या प्रसिद्ध म्युरफील्डचं आधी उरकून टाकू. कोर्स निर्विवाद मोठा. ओपन ही ब्रिटनमधली मानाची स्पर्धा १६ वेळा इथे झाली, शेवटची २०१३ साली, आणि ती मिकलसनने जिंकली. बाहेरचे नऊ होल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि आतले नऊ उलट दिशेने जातात, त्यामुळे एकच वारा सलग फार वेळ एका बाजूने लागत नाही. पण पाहुण्यांसाठी मंगळवार आणि गुरुवार हेच वार, आरक्षण फार आधी करावं लागतं, आणि फी ऐकून घरात दोन दिवस अबोला होऊ शकतो. तारीख जुळली आणि खिसा तयार असला तर जरूर जा. जेवणघरात जायला कोट-टाय लागतो, तेवढा बॅगेत असू द्या. बाकीच्यांसाठी सामना नॉर्थ बेरिक आणि गलेनमध्येच.

खेळ म्हणून बघितलं तर नॉर्थ बेरिक जास्त खट्याळ आहे, हे मोकळेपणाने मान्य. क्लब १८३२ सालचा, आणि कोर्सवर अशा गोष्टी आहेत ज्या आज कोणी आर्किटेक्ट कागदावर काढायला धजणार नाही. तिसऱ्या होलला फेअरवेच्या आडवी दगडी भिंत. तेराव्याला तर ग्रीनच भिंतीच्या पलीकडे, खोलगट जागेत. तिथे दुसरा फटका भिंतीच्या फार जवळून मारायची वेळ येऊ देऊ नका. चेंडू भिंतीला टेकला तर आडवा किंवा मागे मारण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही. टीवरून थोडं मागे राहून वेज किंवा नऊ नंबरचा पूर्ण फटका शिल्लक ठेवलेला बरा. चौदाव्याचा दुसरा फटका उंचवट्यापलीकडे, ग्रीन दिसत नाही, फक्त खांब बघून मारायचा. पलीकडे लगेच समुद्र.

मग पंधरावं, रेडान. जगभर ज्याच्या नकला झाल्या तो पार ३ (तीन फटक्यांत संपवायचा होल) हाच. ग्रीन उजवीकडून पुढे, डावीकडे मागे असं तिरकं पडलेलं आणि मागच्या बाजूला उतरतं, डाव्या हाताला पुढेच खोल बंकर. झेंड्यावर नेम धरणारा हमखास बंकरमध्ये जातो किंवा ग्रीनच्या मागे. चेंडू उजव्या खांद्यावर टाकायचा आणि जमिनीला बाकीचं काम करू द्यायचं. टीवरून ग्रीनचा पृष्ठभाग नीट दिसत नाही, त्यामुळे हे माहीत असूनही हात झेंड्याकडेच वळतात. सोळाव्याचं ग्रीन म्हणजे दोन उंच चौथरे आणि मधे खोल घळ. चुकीच्या चौथऱ्यावर चेंडू गेला की तीन पट (ग्रीनवरचे पटरचे फटके) हे चांगलं काम समजायचं.

आता जी गोष्ट मला नडते ती. ती कोर्सचा दोष नाही, कोर्सच्या गुणांचीच फळं आहेत. तेरा ते सोळा या चार होलवर गर्दी तुंबते. कारण सोपं आहे: तेराव्याला भिंतीमुळे अडकलेले लोक, चौदाव्याला ग्रीन दिसत नसल्यामुळे पुढचा गट हलल्याची खात्री होईपर्यंत थांबणं, रेडानवर प्रत्येक पाहुण्याचे फोटो आणि ग्रीनच्या मागून पुन्हा पुन्हा चिप, सोळाव्यावर चार-चार पट. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं म्हटली तरी बेरीज करून बघा. त्यात तिथवर तुम्ही घामाने थोडे भिजलेले असता आणि समुद्रावरचा वारा पाठीत शिरत असतो. रेडानच्या टीवर पंधरा मिनिटं उभं राहून ज्याची कंबर आखडली आहे त्याने १९० यार्डांचा लाँग आयर्न मारायचा, म्हणजे जिच्यासाठी एवढ्या लांब आलो तीच शॉट सगळ्यात वाईट शरीराने खेळायची. अठरावं पार ४ असूनही छोटं आहे, पश्चिमेचा वारा पाठीशी असला की ताकदवान खेळाडू ग्रीनपर्यंत मारतात. म्हणून तिथेही टीवर थांबणं आलंच, आणि उजव्या हाताला रस्त्यालगत लोकांच्या गाड्या उभ्या. स्लाइस असलेल्याने, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याने, हायब्रिड घ्यावा. काच फुटली की राऊंडची फी स्वस्त वाटायला लागते.

कोणी म्हणेल, थांबण्याचं एवढं काय? आपल्याकडे पुण्या-मुंबईत रविवारी सकाळी काय वेगळं असतं? खरं आहे, पण तिथे थांबताना ऊन असतं आणि कॅडीशी गप्पा असतात. इथे जुलैतही वाऱ्यात उभं राहिलं की बोटं गार पडतात. हे मोजून काढलेलं नाही, हातात जाणवलेलं आहे.

गलेनला अशी तुंबलेली गर्दी मला फारशी जाणवलेली नाही. क्लब १८८२ सालचा, कोर्स तीन: १८८४, १८९८ आणि १९१० चे. तिन्हींची सुरुवात गावातून, एकमेकांच्या शेजारीच होते, त्यामुळे पाहुणे वाटले जातात. शिवाय नंबर १ वर न दिसणाऱ्या ग्रीनवर मारायचे फटके कमी, म्हणून गट एका लयीत सरकतात. २०१५ आणि २०१८ ची स्कॉटिश ओपन इथे झाली. २०१८ मध्ये ब्रँडन स्टोनने शेवटच्या दिवशी ६० मारून ती जिंकली. यावरून कोर्स सोपा असेल असं मात्र समजू नका. त्याला ज्या दिवशी वारा नव्हता तो दिवस तुमच्या नशिबी येईलच असं नाही.

इथला त्रास म्हणजे टेकडी. दुसरं होल अरुंद घळीतून चढत जातं आणि वारा त्या घळीत शिरून आणखी जोर धरतो. समोरून असेल तर दोन क्लब जास्त (दोन नंबर लांब मारणारी काठी) घ्या आणि अंगाने हळू मारा. जोरात मारलेला चेंडू जास्त फिरतो आणि वर उडून जागच्या जागी पडतो. चढणीवर बॅग पाठीवर घेण्यापेक्षा ट्रॉली बरी. वर पोचलं की पश्चिमेला एडिंबरा आणि पाण्यापलीकडे फाइफ दिसतं. तिथून सातव्याची टी म्हणजे या भागातली सगळ्यात मोकळी ड्राइव्ह. उंचावरून मारलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो म्हणून आडवा वारा त्याला दुप्पट ढकलतो, हे विसरून लोक फेअरवेच्या मध्यावर नेम धरतात आणि रफमध्ये शोधत बसतात. टेकडीभोवती फिरताना वाऱ्याची दिशा सतत बदलते. नॉर्थ बेरिक बरंचसं सरळ पश्चिमेला जाऊन परत येतं, तिथे नेहमीच्या वाऱ्यात पहिले नऊ समोरून आणि नंतरचे बरेचसे पाठीशी. दोन्हींना आपापली मजा आहे, पण क्लब निवडायचं डोकं गलेनला जास्त चालवावं लागतं.

रफबद्दल एक इशारा: जून-जुलैत गलेनचं गवत घोट्याच्या वर येतं आणि काही ठिकाणी काटेरी सी-बकथॉर्नची झुडपं आहेत. चेंडू त्यात गेला तर हात घालू नका, दुसरा काढा.

सामानाचं दोन्हीकडे सारखंच. आपल्या मऊ, पाणी मारलेल्या फेअरवेवर १२-१४ अंश बाउन्सचा (तळाच्या उताराचा कोन) वेज चालतो. इथल्या कडक, वाळूवरच्या गवतावर तो आपटून उडतो आणि चेंडू पोटात लागून ग्रीनपलीकडे जातो. ६ ते ८ अंशांचा घ्या, किंवा वेज पिशवीतच ठेवून वीस यार्डांवरून पटर वापरा. पटरचा वाईट फटकासुद्धा वेजच्या मध्यम फटक्यापेक्षा जवळ राहतो. ग्रीन अपेक्षेपेक्षा जरा संथ वाटतात आणि ते मुद्दाम असतं, फार वेगवान ठेवली तर वाऱ्याने चेंडू हलतो. खोल बंकरमधून पुढे जायचा हट्ट धरू नका, आडवा काढा. गोल्फ कार्ट धरून चालू नका, चालायचंच आहे. कॅडी हवा तर टी टाइमबरोबरच सांगून ठेवा आणि पैसे रोख जवळ ठेवा. आपल्याकडे गेटवर कॅडी उभा असतो तशी सवय इथे उपयोगाची नाही.

जायच्या बाबतीत मात्र नॉर्थ बेरिक स्पष्ट वरचढ. एडिंबरा वेव्हर्लीहून ट्रेनने साधारण अर्धा तास, स्टेशनपासून कोर्स बॅग घेऊन चालत जाण्याइतका जवळ. गलेनची रेल्वे प्रवाशांसाठी १९३२ मध्येच बंद झाली. ड्रेमला उतरून टॅक्सी करा, नाहीतर एडिंबराहून नॉर्थ बेरिकला जाणारी बस थेट गावात थांबते. घरचे बरोबर असतील तरी नॉर्थ बेरिक बरं पडतं: बंदर, सीबर्ड सेंटर, बास रॉककडे जाणाऱ्या बोटी, १८७ मीटरची लॉ टेकडी, खेळून येईपर्यंत कोणी कंटाळत नाही. गलेनला सुंदर पुळण आहे, बाकी गाव शांत. लहान मुलं खेळणारी असतील तर गलेनचा सहा होलांचा मुलांचा कोर्स फुकट आहे, आणि मोठ्यांना तिथे मुलाबरोबर असल्याशिवाय खेळता येत नाही, हा नियम मला फार आवडतो.

मग मी काय घेईन? एकच राऊंड, उन्हाळ्याचे दिवस, सकाळी दहाच्या आसपासची वेळ, तर गलेन १. नंबर १ ला वेळ मिळाली नाही तर खट्टू होऊ नका. नंबर २ अॅबरलेडी खाडीच्या बाजूला उतरतो, फी कमी असते आणि हवा तीच. नंबर ३ छोटा आहे, पार ६८, दुपारी पाय थकले असतील तेव्हा योग्य. नॉर्थ बेरिक खेळायचंच असेल, आणि त्याची ओढ मला समजते, तर दिवसाची पहिलीच टी मागा, नाहीतर जूनअखेर संध्याकाळी पाचनंतरची. सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, उजेड पुरतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गर्दीही नसते आणि फीही उतरते. वाळूची जमीन असल्याने पाऊस पडून गेला तरी कोर्स खेळण्याजोगा राहतो. फक्त डिसेंबरात पावणेचारच्या आतच अंधारतं, म्हणून अकराच्या आत सुरुवात करा.

डनबारचं नाव कोणी सुचवलं तर हसून सोडून देऊ नका. पहिले तीन होल भिंतीच्या आत, दोन पार ५ आणि एक पार ३, मग भिंत ओलांडून किनाऱ्याने लांबवर जायचं. दूरवर सिमेंटचा कारखाना आणि टॉर्नेसचं अणुवीज केंद्र दिसतं, ते नजरेआड करता आलं तर राऊंड मोकळा मिळतो. शेवटच्या होलला उजवीकडची भिंत म्हणजे हद्दीबाहेर, स्लाइसवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

मसलबराचं जुनं लिंक्स रेसकोर्सच्या आत आहे, नऊच होल, आणि तिथे १८७४ ते १८८९ दरम्यान सहा वेळा ओपन झाली. हिकरी लाकडाच्या जुन्या पद्धतीच्या काठ्या भाड्याने मिळतात. विमान संध्याकाळचं असेल तर सकाळी हेच करा. मात्र मे-जूनमध्ये पूर्वेचा वारा असला की समुद्रावरून धुकं आत येतं, त्याला इथे हार म्हणतात. तेव्हा एडिंबरात ऊन असलं तरी किनाऱ्यावर शंभर यार्डांवरचा झेंडा दिसत नाही. त्या दिवशी गडद केशरी किंवा पिवळा चेंडू लावा, आणि प्रो शॉपला फोन करून विचारल्याशिवाय बसमध्ये चढू नका.