मुंबई–पुणे कामाच्या फेरीत जिओकॅशिंग ॲप: पैसे भरावेत का?

दर आठवड्याला त्याच रस्त्याने कामाला जाणाऱ्याला अर्ध्या तासाचं चांगलं आडवळण हवं असेल, तर जिओकॅशिंग ॲप नक्की वापरावं. मात्र आडवळणाची आखणी ॲपवर सोपवू नये, ती आदल्या रात्री घरीच करावी.

खेळ सोपा आहे. कुणीतरी डबी लपवून अक्षांश-रेखांश देतं. शोधणाऱ्याने आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि ॲपवर नोंद करायची. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिली ‘डबी’, म्हणजे एक बादली, लपवली गेली.

प्रत्येक डबीला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. कामाच्या फेरीत दोन्ही २ च्या आतच ठेवावेत आणि प्रकार ‘ट्रॅडिशनल’च निवडावा, त्यात डबी दिलेल्या बिंदूवरच असते. ‘मिस्टरी’मध्ये नकाशावरचा बिंदू बहुधा डबीचा नसतो, ‘मल्टी’त एका जागेवरून दुसरीकडे जावं लागतं, मीटिंग गाठायची असताना दोन्ही नकोत. मग शेवटच्या तीन नोंदी वाचाव्यात. सोप्या डबीवर लागोपाठ दोघांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल तर ती बहुधा गेलेली असते.

ॲपचं अंतर सरळ रेषेतलं असतं आणि मुंबई–पुणे मार्गावर हेच सर्वात जास्त फसवतं. एक्सप्रेसवेवर गाडी थांबवायला बंदी आहे, त्यामुळे तीनशे मीटरवर दिसणारी डबी प्रत्यक्षात पुढच्या एक्झिटमागे असते. कार्ले आणि भाजे नकाशावर शेजारी दिसतात, पण जुन्या हायवेवरून कार्ले उत्तरेला, तर भाज्याला जायला मळवलीला रेल्वेमार्ग आणि एक्सप्रेसवे, दोन्ही ओलांडावे लागतात. म्हणून आडवळण घ्यायचं असेल त्या दिवशी लोणावळ्यापासून जुना हायवेच धरावा. दहा मिनिटं जायला, दहा शोधायला, दहा परतायला. शोधायची दहा संपली की निघावं.

दुसरी नेहमीची चूक आकडे टाकताना होते. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. उत्तर १८° ४५.३००′ म्हणजे दशांश अंशांत १८.७५५, कारण ४५.३ ला ६० ने भागायचं. घाईत १८.४५३ टाकलं तर लोणावळ्याऐवजी सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला, ताम्हिणीच्या डोंगरात जाल. मिनिटाचा शेवटचा, हजारावा अंक अक्षांशात जेमतेम १.८५ मीटरचा असतो. तिथे एक-दोनने चुकलं तरी बिघडत नाही.

मोकळ्या जागी फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. घाटात, कड्याखाली सिग्नल दगडावर आपटून येतो आणि बाण उड्या मारतो. शेवटच्या दहा मीटरात बाणामागे धावू नये. फोन खिशात टाकून आपण स्वतः कुठे लपवली असती ते पाहावं: कठड्याची फट, झाडाच्या मुळाशी उगाच रचलेले तीन दगड.

आता पैशांचं. फुकट खात्यात जिओकॅशिंग डॉट कॉमच्या अधिकृत ॲपवर सगळ्या डब्यांचा तपशील दिसत नाही. रस्ता आखून त्याच्या कडेच्या डब्या काढणं आणि ऑफलाइन याद्या उतरवणं या सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. अँड्रॉइडवर सी:जिओ हे मोफत, मुक्तस्रोत ॲप त्याच खात्यावर चालतं आणि डबीचा तपशील फोनमध्ये साठवून देतं. घाटात रेंज जाते, त्यामुळे हे फार कामाला येतं. आपल्याकडे डब्या विरळ आहेत, तेव्हा फक्त मुंबई–पुण्यासाठी पैसे भरू नयेत. जर्मनीत तीन महिन्यांच्या डेप्युटेशनवर जाणाऱ्याने मात्र जरूर भरावेत. तिथे डब्या इतक्या दाट आहेत की नको त्या डब्या गाळणाऱ्या फिल्टरशिवाय नकाशा वाचताच येत नाही.

सोबत स्वतःचं पेन हवंच, कारण १०० मिलिलिटरच्या आतल्या ‘मायक्रो’त पेन मावत नाही. कागदाची गुंडाळी काढायला चिमटा ठेवावा. नखाने ओढली की कागद फाटतो. पावसाळ्यात फिल्मची जुनी डबी हमखास पाणी घेते, कारण तिचं झाकण नुसतं दाबून बसतं. रबरी कडेचा, चार बाजूंनी खटका लागणारा डबा टिकतो. कागद ओला मिळाला तर कोरडी पट्टी घालून डबी लपवणाऱ्याला तसं कळवावं.

कार्ले-भाज्याची लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथल्या फटीत हात घालायचा नाही आणि डबीही ठेवायची नाही. अशा जागांना ‘अर्थकॅश’ शोभतो. त्यात डबीच नसते, खडक पाहून उत्तरं पाठवायची असतात. देहूरोडला छावणीच्या हद्दीत झुडपं चाळत बसू नये, मग नकाशावर काहीही दिसो. स्वतः लपवणार असाल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या, शेजारच्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा आणि झाकणावर मराठीत ठळक लिहा: ‘हा खेळातला डबा आहे, आत फक्त वही आहे.’