पडल्या वाऱ्यातलं शीड: सॉक की फर्लर?

जानेवारी-फेब्रुवारीत शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याकडे निघालात की दिवसाचा क्रम साधारण ठरलेला. पहाटे किनाऱ्यावरून मतलई, दहा-अकराला वारा पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा पाठीशी येतो. त्या मधल्या वेळात जेनोआ (पुढचं मोठं शीड) नुसता लटपटतो आणि हात इंजिनाच्या किल्लीकडे जातो. असिमेट्रिक स्पिनेकर (हलक्या वाऱ्यात फुगणारं पातळ, मोठं शीड) घ्यायचं ते यासाठीच. प्रश्न उरतो तो ते सॉकमध्ये (शिडावर वरून खाली ओढायच्या लांब कापडी पिशवीत) ठेवायचं की टॉप-डाऊन फर्लरवर (वरून खाली गुंडाळणाऱ्या यंत्रावर), एवढाच. माझ्या २६ फुटीवर फर्लरचे ३ हंगाम झाले, सॉकचा हा दुसरा.

फर्लरची चैन मान्य. कॉकपिटात बसून दोर ओढा, शीड वरून खाली गुंडाळत येतं. एकट्याने बोट नेणारे त्याचीच बाजू घेतील, आणि त्यांचं चूक नाही.

पण दोराने फिरणाऱ्या खालच्या ड्रमची फेरी मधल्या जाड दोरातून थेट वरच्या टोकाला पोचायला हवी. त्यासाठी हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागतो. माझा जुना, पॉलिस्टरचा. ताण पडला की तासाभरात चार बोटं सैल. मुरूड-जंजिऱ्याच्या अलीकडे एकदा वारा वाढला, समोर जाळ्यांची काळी निशाणं दिसली, म्हणून मी दोर ओढायला घेतला. ड्रम फिरतोय, मधला दोर पीळ खातोय आणि वर शीड जसंच्या तसं, पोट फुगवून! शेवटी हॅलियार्ड सोडला आणि निम्मं शीड पाण्यातून ओढून घेतलं. शेजारच्या होडीतले कोळीदादा काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे डायनिमाचा (फारसा न ताणणाऱ्या धाग्याचा) हॅलियार्ड लावला, बराच फरक पडला. तरी दर वेळी दोर ओढताना नजर डोलकाठीच्या टोकाकडे जायचीच. शिवाय उतरवलेलं ते गुंडाळं म्हणजे नऊ-दहा मीटरचा अजगर. मधला दोर घट्ट दुमडता येत नाही, त्यामुळे वेटोळं मोठं होतं आणि बरोब्बर माझ्या झोपायच्या जागेवर येऊन बसतं.

सॉक त्यामानाने गावठी. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जावंच लागतं. बायको टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर), बोट जरा वाऱ्याला पाठ देऊन, स्पिनेकर मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आडोशाला. तिने शीट (शीड ताणून धरणारा दोर) ढिली सोडली की मी सॉक खाली ओढतो. ओढायचा दोर कधीकधी शिडाला वेढा घालतो, तेव्हा चिडचिड होतेच. पण मान वर केली की कुठे अडकलंय ते दिसतं, आणि दोन झटक्यांत बहुतेक वेळा सुटतं.

दर वेळी सोबत कोणी नसेल, किंवा पुढे स्प्रिट (नाळेबाहेर काढलेला दांडा) आधीच बसवलेला असेल, तर फर्लरचा विचार जरूर करा. हॅलियार्डचा खर्च मात्र त्याच दिवशी धरा. दोघं असाल तर माझं मत सॉककडे. घेताना तोंडाचं नरसाळं रुंद बघा, आणि एका शिवणीवर वरपासून खालपर्यंत लाल पट्टी शिवून घ्या. चढवण्याआधी ती सरळ दिसली म्हणजे आत पीळ नाही.