लक्ष्याचे आकडे: तोंडी द्यावेत की डेटालिंकने?

विमानातल्या बॉम्बला लक्ष्याच्या जागेचे आकडे द्यायचे तर जमिनीवरच्या नियंत्रकापुढे दोन मार्ग असतात: रेडिओवर नाइन-लाइन (हल्ल्याची नऊ ओळींची ठरलेली माहिती) सांगून वैमानिकाकडून रीडबॅक घ्यायचा, म्हणजे ऐकलेले आकडे त्याने परत वाचून दाखवायचे, नाहीतर टॅबलेटवरून डेटालिंकने, म्हणजे विमानाच्या संगणकाशी जोडणाऱ्या रेडिओ-दुव्याने, थेट पाठवायचे. दोन्ही मी बरीच वर्षं वापरलं आहे. तुमची विमानं, तुमचं सामान वेगळं असेल, म्हणून माझंच खरं असा आग्रह नाही.

तोंडी पद्धतीचा मला आजही आधार वाटतो. रेडिओ चालू असला की कुठल्याही विमानाशी काम होतं. डेटालिंकला दोन्हीकडची सॉफ्टवेअर जुळावी लागतात, सांकेतिक किल्ल्या (संदेश गुप्त ठेवणारे कोड) भरलेल्या लागतात, आणि एखाद्या दिवशी सगळं बरोबर असूनही संदेश जातच नाही. शिवाय आवाजावरून माणूस कळतो. वैमानिक जरा अडखळला तरी आपल्याला थांबता येतं.

तरी माझं मन फिरलं ते एका सरावात. मी अक्षांशाची मिनिटं सांगितली, ‘तीन शून्य दशांश पाच शून्य’. म्हणजे साडेतीस मिनिटं. वैमानिकाच्या पडद्यावर रकाने होते अंश-मिनिट-सेकंदाचे. त्याने भरलं 30 मिनिटं 50 सेकंद. असायला हवे होते 30 सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण 31 मीटर, तेव्हा वीस सेकंदांत सहाशे मीटरच्या वर फरक पडला. रीडबॅकमध्ये तेच आकडे त्याच क्रमाने परत आले. मधला ‘दशांश’ तेवढा गळला. मी ‘बरोबर’ म्हणून मोकळा झालो. पुढे तो सहज म्हणाला, लक्ष्याशेजारी कालवा दिसतोय. माझ्या लक्ष्याजवळ कालवा नव्हताच. फेरी कोरडी होती, बॉम्ब सुटायचा नव्हता. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

रीडबॅक ऐकण्यातली चूक पकडतो, आणि इथे आमचं दोघांचं ऐकणं जवळपास ठीक होतं. ग्रिडमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मीटरच्या चौकटींत, आकडे दिले तर हा घोळ बराच कमी होतो (दहा आकडी ग्रिड मीटरपर्यंत नेतं), पण काही विमानांत ते पुन्हा अक्षांश-रेखांशात बदलावं लागतं. उंचीचंही तेच. फूट की मीटर, समुद्रसपाटीपासून की जीपीएस पृथ्वीचा जो गणिती लंबगोल धरतं त्यापासून? या दोन पातळ्यांत जगात काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत अंतर पडतं. डेटालिंकच्या संदेशात एकक आणि पद्धत ठरलेलीच असते, मध्ये कुणी आकडे पुन्हा टाइप करत नाही. जीपीएसवर जाणारा बॉम्ब खाली बघत नाही, आकडा सांगेल तिथे जातो.

डेटालिंक मूळ आकडा मात्र तपासत नाही. 5 डिसेंबर 2001 ला कंदाहारच्या उत्तरेला अमेरिकेच्या बी-52 बॉम्बफेकी विमानाने टाकलेला दोन हजार पौंडी जेडॅम (जीपीएसवर जाणारा बॉम्ब) त्यांच्याच लोकांवर पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण लढवय्ये गेले, पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई थोडक्यात बचावले. तेव्हा बाहेर आलेल्या माहितीप्रमाणे नियंत्रकाने जीपीएसची बॅटरी बदलली होती, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना स्वतःचीच जागा दाखवत होतं. तो आकडा डेटालिंकनेही तितक्याच इमानाने पोचवला असता.

म्हणून मी आकडे डेटालिंकने पाठवतो आणि रीडबॅक तोंडी घेतो. तोही आलेल्या संदेशावरून नाही. बॉम्बमध्ये प्रत्यक्ष काय भरलं गेलंय ते वैमानिकाने पडद्यावरच्या शस्त्राच्या पानावरून वाचायचं, उंचीसकट. ते मी स्वतःच्या जागेच्या आकड्यांशेजारी धरून बघतो. नंतर विचारतो, ‘तिथे काय दिसतंय?’ पाच मिनिटांत लिंक लागली नाही तर ग्रिडमध्ये तोंडी देतो, आणि आकड्यांआधी पद्धत कोणती ते मोठ्याने सांगतो.