वारस नोंदीच्या नावाखाली घेतलेली सही

वारस नोंद करायला दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवतात त्या कार्यालयात जावं लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरायचा, एवढंच ते काम. त्यासाठी तुमचा फोटो काढत नाहीत, अंगठा घेत नाहीत. ज्या लेकीचे वडील नुकतेच गेलेत, तिने एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी माझ्या लिहिण्याचं सार्थक झालं.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, पंचगंगेकाठचं. वडिलोपार्जित साडेतीन एकर ऊस; आई, धाकटा भाऊ आणि मी. वडिलांचं तेरावं झालं तसा भाऊ म्हणाला, "आक्का, उताऱ्यावर तुझं नाव लावायचं हाय. उद्या कोल्हापुरात जाऊन तेवढी सही करून येऊ." कार्यालयात कागद आधीच टाईप करून ठेवलेले होते, साक्षीदार म्हणून त्याचे दोन मित्र उभे होते. "आपला नंबर आलाय, हितं हितं सही कर," म्हणत त्यानं पानं पुढं सरकवली. दस्त कबूल आहे का, असं साहेबांनी विचारलं. माझ्याआधी तोच म्हणाला, "व्हय म्हण आक्का." येताना महाद्वार रोडवर त्यानं मला साडी घेतली.

पुढं बऱ्याच दिवसांनी एका रात्री वहिनीचा फोन आला. "वन्सं, उताऱ्यावर तुमचं नाव न्हाई. रस्त्याकडची जमीन प्लॉट पाडायला द्यायचं चाललंय. मला राहवंना म्हणून सांगितलं."

दस्ताची नक्कल काढली. ते हक्कसोडपत्र होतं. बहिणीने राजीखुशीने, काही मोबदला न घेता हक्क सोडला, असं लिहिलेलं. दस्तात माझा पत्ता माहेरचा घातला होता, त्यामुळं फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याची नोटीस त्याच घरी गेली आणि हरकत घ्यायचे १५ दिवस मला न कळताच निघून गेले. म्हणून सांगते, कुठल्याही दस्तात आपला पत्ता सासरचाच आहे ना, हे बघा, आणि माहेरच्या गटाचा सातबारा अधूनमधून ऑनलाइन काढून पाहत जा.

लेकीला जन्मानेच वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून तसा कायदाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. पण नोंदणी झालेला दस्त रद्द करून घेतल्याशिवाय त्या वाट्याचा उपयोग नाही. फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा घालावा लागतो. पुष्कळ बायका "बघू, भाऊच आहे" म्हणत हीच वर्षं घालवतात.

मला सगळ्यात जड गेलं ते कोर्ट नव्हे, मनातलं विष. अंबाबाईपुढं हात जोडले की त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच तोंडात यायचं. हाच भाऊ २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात आमच्या दारापर्यंत छातीभर पाण्यातून आला होता, सासूबाईंना खांद्यावर घेऊन गेला होता. तो खरा की हा, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. एका शुक्रवारी दर्शनाच्या रांगेत उभी असताना मनात आलं, आपण देवीकडं न्याय मागतोय, आणि तिनं तर त्याच्याच घरातलं माणूस आपल्या बाजूनं आधीच उभं केलंय. वहिनीला त्याच घरात नांदायचं होतं. असा फोन करायचं बळ तिला कुणी दिलं? माझा विश्वास आहे, अंबाबाईनंच.

त्या दिवसापासून सांजवात लावली की लेकरांच्या नावांबरोबर भावाचंही नाव घ्यायचं ठरवलं. पहिल्यांदा ते तोंडातून निघेना. घशात अडकायचं. तरी घेत राहिले. हळूहळू त्याचं वाटोळं मागणं थांबलं. मग कधीतरी त्याला सुबुद्धी दे, असं मनापासून निघालं. क्षमा मला अशी आली, थोडी थोडी, आणि मागून घ्यावी लागली.

आई आणि चुलते म्हणत होते, "माफ केलंस तर दावा काढून घे." हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. देवानं माफ करायला सांगितलंय, खोटा कागद खरा मानायला नाही. त्या वर्षी राखी पोस्टानं पाठवली आणि तारखेलाही हजर राहिले.

शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. माझं नाव सातबाऱ्यावर लागलं. वहिनीनं आपल्या फोनचं नंतर स्वतःच भावाला सांगितलं. तिला विचारूनच मी हे लिहिलंय. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, तो मान खाली घालून बसतो. आई मात्र अजून माझ्याशी मोकळी बोलत नाही. तेही मी देवीवर सोपवलंय.

ज्या बहिणींकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्यांनी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारावं. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना दस्ताची नक्कल, सातबारा आणि फेरफार सोबत न्या.