खिडकीवाली बटाट्याची ग्रो बॅग: बॅग बरी, खिडकी नको

बटाट्यासाठी म्हणून विकतात त्या ग्रो बॅगला बाजूला वेल्क्रोची झडप असते. झडप उघडा, भाजीपुरते बटाटे काढा, झाड वाढतच राहील, असा दावा. होतं उलटंच. आत हात घातला की बटाटे ज्या नाजूक दांड्यांना धरलेले असतात त्याच तुटतात आणि माती ढासळते. वेल्क्रोत माती बसली की तो नीट चिकटत नाही, फटीतून उजेड शिरतो आणि त्या बाजूचे बटाटे हिरवे पडतात. हिरव्या भागात सोलॅनिन असतं, ते विषारी. थोडा हिरवा असेल तर जाड कापून काढा, जास्त असेल तर बटाटाच फेका.

झडप सोडली तर बॅग कामाची आहे. १५ बाय १५ इंचाची घ्या, साधारण ४० लिटर मिश्रण मावतं. बेण्याच्या (लावायच्या बटाट्याच्या) तीन फोडींना तेवढं पुरे. चौथी लावायचा मोह झाला तर गोट्यांएवढे बटाटे मिळतील. एचडीपीई (जाड प्लॅस्टिक) बॅगेला खाली चारच भोकं असतील तर आणखी सहा-सात पाडा, नाहीतर बेणं कुजतं. फेल्टच्या (जाड कापडी) बॅगेत ही भानगड नाही, पण ती लवकर सुकते आणि पाणी कमी-जास्त झालं की बटाटे तडकतात. भिजल्यावर वजन ४० किलोच्या आसपास जातं, म्हणून गच्चीत ती भिंतीकडेला, तुळईवर ठेवा.

भरताना कडा दुमडून सहा इंच मिश्रण घाला (माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण कुजलेलं शेणखत). दोन डोळ्यांच्या फोडी दोन दिवस सावलीत सुकवून लावा. मंडईतला बटाटा कधी कधी मोड येऊ नये म्हणून औषध लावलेला असतो. म्हणून तो न लावता कुफरी पुखराज किंवा कुफरी लवकर या जातींचं बेणं मिळवा. रोप वीतभर झालं की कडा उलगडून मिश्रणाची भर द्या. दोन फुटी बॅग घेऊन थरावर थर बटाटे मात्र येत नाहीत. या लवकर येणाऱ्या जातींत ते फोडीच्या वरच्या एका पट्ट्यातच धरतात.

लागवड नोव्हेंबरमध्ये. उशीर झाला तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात नुसता पाला माजतो. पाला पिवळा पडला की पाणी तोडा, तो कापा, दहा दिवस थांबा म्हणजे साल पक्की होते. मग ताडपत्रीवर बॅग सरळ उपडी करा. बटाटे धुऊ नका. दीड-दोन किलो निघाले तर उत्तम. त्या मातीत लगेच टोमॅटो, वांगी, मिरची नको, त्यांचे रोग बटाट्याचेच, मेथी टाका.